घरपट्टी, गळकी शाळा आणि घरातली थकबाकी

पत्र

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. महिला राखीव जागेवरून पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. माझा मुलगा गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. शाळेच्या दोन खोल्या जुन्या, कौलारू. पावसाळा लागला की दोन्ही गळतात. एका भिंतीला आता बोट जाईल एवढी भेग पडली आहे. गुरुजींनी जुलैपासून ते दोन वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात हलवले आहेत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंच म्हणाले, घरपट्टीची फेरआकारणी यंदा करायचीच आहे, तर पट्टी वाढवू आणि वाढीव पैशातून शाळेच्या खोल्या बांधू. त्यावर इतका गोंधळ झाला की सभा तशीच उठली. कुणी म्हणे शाळा जिल्हा परिषदेची, आम्ही का पैसे घालायचे? कुणी म्हणे आमची पोरं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात, त्यांची फी भरायची की ही पट्टी? म्हातारी माणसं म्हणाली, आमच्या मुलांची शिक्षणं कधीच झाली. सगळ्यात मोठ्या आवाजात बोलले ते माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आणि मला माहीत आहे की आमच्याच घराची पट्टी तीन वर्षं थकली आहे. मी खाली मान घालून बसून राहिले.

नंतर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेत असलेल्या आमच्या भावकीतल्या एकाने लिहिलं, की इकडे शाळा घरपट्टीवरच चालतात, तुम्हीही तसंच करा. पुण्यातली माझी बहीण म्हणते, तिच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षण कर वेगळा लावलेला असतो. मुंबईचे मोठे दीर फोनवर म्हणाले, आबांच्या विरोधात सभेत एक शब्द बोलायचा नाही. २ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. पट्टी वाढवणं बरोबर की चूक? आणि मी बोलू की गप्प बसू?

– एक वाचक

उत्तर

ताई, पट्टीचं आणि आबांचं नंतर बोलू. आधी त्या भेगेचं.

वर्ग देवळात हलवले हे गुरुजींनी चांगलंच केलं. पण मुलं मधल्या सुट्टीत कुठे खेळतात? पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पोषण आहाराचं स्वयंपाकघर त्या भिंतीच्या किती जवळ आहे? २०१७च्या ऑगस्टमध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचा वर्ग पावसात कोसळला आणि तीन मुलं गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात २५ जुलै २०२५ला सरकारी शाळेचं छत पडलं, सात मुलं गेली. अशा इमारती एका रात्रीत धोकादायक होत नाहीत. गावाला दिसत असतं, मास्तरांना दिसत असतं, आणि प्रत्येकाला वाटत असतं की कुणीतरी वर कळवलं असेल. म्हणून हे पत्र वाचून झालं की उद्याच शाळेत जा. त्या दोन खोल्यांना कुलूप आहे का बघा, भोवती दोरी किंवा काटेरी कुंपण घालून घ्या, आणि मुख्याध्यापकांना विचारा की गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलंय का. फोनवर सांगितलंय, व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय, हे पुरत नाही. पत्र हवं, त्यावर आवक क्रमांक हवा, पोच हवी.

त्या पत्रात दोन गोष्टी मागायच्या. एक, बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून खोल्यांची तपासणी. दोन, खोल्या वापरण्याजोग्या नसतील तर त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव. निर्लेखन म्हणजे ती इमारत कागदोपत्री मोडीत काढणं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण गाडी इथेच अडते. जुनी खोली कागदावर उभी असेल तोवर शाळेकडे पुरेशा खोल्या आहेत असं दिसतं, आणि नवी खोली मंजूर व्हायला कारणच उरत नाही. प्रस्तावाबरोबर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. ग्रामपंचायतीच्या ठरावासाठी तुम्ही स्वतः सदस्य आहात. त्यासाठी पट्टी वाढवावी लागत नाही की २ ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही. पुढच्या मासिक सभेत विषय घ्या.

सभामंडपाबद्दल एक काळजी बोलून दाखवते. मुलं तिथे नीट बसली, तक्रार आली नाही, की तालुक्याच्या लेखी प्रश्न मिटला. मी अशी सोय दोन-तीन महिन्यांची म्हणून सुरू झालेली आणि मुलं त्यातून चौथी पास होऊन गेलेली पाहिली आहे. तेव्हा प्रत्येक पत्रात लिहा की वर्ग अमुक तारखेपासून शाळेबाहेर भरत आहेत.

आता भांडणाकडे येऊ. ‘शाळा जिल्हा परिषदेची, आम्ही का पैसे घालायचे’ असं म्हणणारा माणूस बरोबर बोलतोय. हे तुम्ही सभेत मोकळेपणी मान्य करा, अर्धा विरोध तिथेच विरघळेल. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळेची इमारत, शिक्षक, शिकण्याचं साहित्य ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. त्याच्या अनुसूचीत इमारत कशी हवी तेही दिलंय: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, खेळाचं मैदान, कुंपण, अडथळा नसलेली वाट. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत असा शब्द त्यात आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळांचं काम जिल्हा परिषदेकडे आहे. त्यामुळे सरपंचांनी पट्टीच्या जोरावर खोल्या बांधायचं जे आश्वासन दिलं, ते मनापासून असेलही, पण दुसऱ्याचं देणं त्यांनी गावाच्या डोक्यावर घेतलं.

फक्त जिल्हा परिषद आपणहून गावात येऊन विचारत नाही. तिला विचारायला लावायचा रस्ता त्याच कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरायची, असं कलम २२ म्हणतं. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. तुम्ही पालक आहात. तुमच्या शाळेचा आराखडा मागून वाचा. मला भीती आहे ती ही, की गेल्या वर्षीचाच कागद तारीख बदलून ठेवलेला असेल आणि त्यात खोल्यांचा उल्लेख एका ओळीत असेल. तसं असेल तर समिती बसवा आणि आराखडा नव्याने करा: मुलं किती, खोल्या किती, त्यातल्या वापरायच्या किती, अभियंत्याचा शेरा काय.

पैसा येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असतात, त्यातून खोल्या मंजूर होतात. दुसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची. तिच्यात शाळाखोल्यांचं बांधकाम आणि विशेष दुरुस्ती यांसाठी तरतूद असते, आणि यादीत नाव लागायला तुमचे जिल्हा परिषद सदस्य, आमदार यांच्याकडे हेलपाटे घालावे लागतात. त्यात कमीपणा मानू नका, सगळी गावं घालतात. शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त अनुदान या कामाचं नाही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते २५,००० रुपये असतं, त्यात खडू-फळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं भागवायचं असतं.

आणखी एक कागद आधीच बघून ठेवा: शाळेची जागा कुणाच्या नावावर आहे? जुन्या शाळा कुणा दात्याच्या शब्दावर उभ्या राहिल्या. आजोबांनी जागा दिली, बक्षीसपत्र झालंच नाही, आणि आता नातवंडांची नावं उताऱ्यावर आहेत. खोली मंजूर झाल्यावर हे निघालं तर निधी परत जातो. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा, आणि तलाठ्याकडचा उतारा दोन्ही काढा.

आता पट्टीचा हिशेब. तुमच्या गावाचे आकडे तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून मी समजुतीसाठी धरते. समजा गावात ४०० घरं आहेत आणि सरासरी पट्टी ८०० रुपये. वर्षाची मागणी झाली ३,२०,००० रुपये. सरपंचांनी पाव हिश्शाने वाढवली तर वाढ ८०,०००. पण ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि ते करायलाच हवेत. राहिले ५६,०००. तेही सगळ्यांनी पट्टी भरली तर. वसुली ६० टक्के असेल तर हातात येतात ३३,६०० रुपये. वर्गखोली हे काही लाखांचं काम. या वाढीतून दोन खोल्या उभ्या राहायच्या तर आजची तिसरीतली मुलं तोवर नोकरीला लागतील.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. वसुली ६० टक्के म्हणजे दरवर्षी १,२८,००० रुपये येतच नाहीत. वाढीचे सगळे ८०,००० धरले तरी त्यांच्या दीडपटीहून जास्त रक्कम आत्ताच्याच दराने लोकांकडे अडकून आहे. आणि पट्टी वाढवली की बोजा पडतो तो नियमाने भरणाऱ्यावर. न भरणाऱ्याला ८०० काय आणि १,००० काय. गावातल्या ज्या बाईने कोंबड्या विकून मार्चमध्ये पट्टी भरली, तिला सभेत ‘वाढवू’ म्हणणं आणि बंगलेवाल्या थकबाकीदाराला काहीच न म्हणणं, हे मला पटत नाही. २ ऑक्टोबरला तुम्ही ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे एकच गोष्ट मागा: नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, वाचून दाखवा. मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती. नावं वाचायचा आग्रह धरू नका. बेरीज पुरे आहे.

मग फेरआकारणी करूच नये का? करावी. दर चार वर्षांनी ती करायची असते. २०१५मध्ये नियम बदलले, तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते: जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर राहण्याचा की धंद्याचा. फेरआकारणी रखडली की फायदा कुणाचा होतो ते गावात फिरून बघा. मातीच्या भिंतीचं पन्नास वर्षांचं घर आणि परवा उठलेला दुमजली स्लॅबचा बंगला, दोघांच्या पट्टीत नावापुरता फरक असतो, कारण बंगल्याची नोंद अजून जुन्या पडवीचीच आहे. गाळे काढून भाड्याने दिलेत, नोंद राहत्या घराची. हे दुरुस्त झालं तर कितीतरी जुन्या घरांची पट्टी वाढायचं कारण नाही, आणि उत्पन्न मात्र वाढेल. आकारणी यादी प्रसिद्ध झाली की हरकती घेता येतात, आकारणी पटली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. लोकांना हे सांगितलं तर ते ऐकतात. शाळेच्या नावाखाली पट्टी वाढवली, तर मात्र पुढची दहा वर्षं शाळेचा विषय निघाला की लोक खिसा चाचपतील. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: फेरआकारणी न्यायासाठी करा, शाळेची खोली जिल्हा परिषदेकडून भांडून घ्या, आणि हे दोन विषय एका ठरावात बांधू नका.

गावाने शाळेसाठी काहीच करू नये असा याचा अर्थ घेऊ नका. खोल्यांव्यतिरिक्त शाळेला जे लागतं त्यात ग्रामपंचायत बरंच करू शकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत ग्रामपंचायतींच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता आणि ४० टक्के मोकळा. शाळेची स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा ही कामं त्या बांधलेल्या भागात बसतात. पण ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी लिहिलेली असावी लागतात. तुमच्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेच्या नावापुढे काय लिहिलंय, आणि लिहिलेलं झालं का, हे सदस्य म्हणून तुम्ही विचारायलाच हवं. शाळेचं वीजबिल कोण भरतं तेही विचारा. बिल थकून जोडणी तुटते आणि भिंतीवरचा टीव्ही पडदा टाकून झाकून ठेवावा लागतो, हे अनेक शाळांत होतं.

लोकवर्गणीचा मुद्दा २ ऑक्टोबरला कुणीतरी काढेलच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी, खेड तालुक्यातलं जालिंदरनगर इथल्या जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून उभ्या राहिल्या आणि नावाजल्या. जालिंदरनगरच्या शाळेला तर २०२५मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मला या गावांचा अभिमान आहे. पण तुमच्या गावाला त्यांचं उदाहरण देताना हेही सांगा, की हे तालुके रांजणगाव आणि चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले आहेत, तिथे हात पसरायला कंपन्या शेजारी आहेत. डोंगराकडेच्या गावाने तेवढीच उडी मारावी अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. वर्गणी काढायचीच तर कुंपण, रंगकाम, बाक अशा संपणाऱ्या कामासाठी काढा, प्रत्येक रुपयाला पावती द्या, आणि वर्गणी दिली नाही म्हणून कुणाच्या मुलाकडे वाकड्या नजरेने बघितलं जाणार नाही याची काळजी घ्या.

तुमच्या अमेरिकेच्या भावकीने लिहिलं ते खरं आहे, तिकडे शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो. पण त्याची दुसरी बाजू त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेली आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा गरीब वस्तीचा शाळाजिल्हा, म्हणजे शाळा चालवणारा स्थानिक विभाग, होता. १९६७-६८मध्ये तिथल्या लोकांनी शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे एक डॉलर पाच सेंट कर भरला आणि त्यातून मुलामागे २६ डॉलर उभे राहिले. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या श्रीमंत भागात दर पंच्याऐंशी सेंटच होता, आणि उभे राहिले मुलामागे ३३३ डॉलर. कारण उघड आहे, तिथली घरंच महाग होती. पालक कोर्टात गेले आणि १९७३मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. म्हणजे गरिबाने जास्त दराने पट्टी भरूनही त्याच्या मुलाची शाळा गरीबच राहिली. सातारा जिल्ह्यात शाळेची इमारत ज्या त्या गावाच्या पट्टीवर सोडली, तर महामार्गालगतच्या गावांत चकचकीत शाळा आणि खोऱ्यातल्या वाड्यांवर देवळाचे मंडप, हेच होईल. आपल्याकडे ही जबाबदारी जिल्ह्यावर आणि राज्यावर आहे, ती तिथून सुटू देऊ नका.

बहिणीच्या बिलातल्या शिक्षण कराचं थोडक्यात: तो १९६२च्या राज्याच्या कायद्याने शहरी मिळकतींवर लागतो. महापालिका तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत तो नसतो.

इंग्रजी शाळेत मुलं घालणाऱ्या पालकांशी वाद घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यातले कितीतरी जण गळक्या खोल्यांना भिऊनच गेले असतील. त्यांना टोचून बोललात तर ते कायमचे शाळेच्या विरोधात जातील. त्यांना एवढंच विचारा की खोल्या नीट झाल्या, तर धाकटं लेकरू इथे पहिलीला घालाल का. एका घराने हो म्हटलं तरी पट वाढतो, आणि आज पट फार मोलाचा आहे. वीसच्या खाली पट गेलेल्या शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायच्या, समूहशाळा करायच्या, हे धोरण आपण ऐकत आलोय. इमारत पडकी, म्हणून पट कमी, आणि पट कमी म्हणून इमारत नको, या चक्रात गावाची शाळा जाते. ती गेली तर ज्यांच्याकडे गाडीभाड्याला पैसे नाहीत त्यांच्या मुली आधी घरी बसतील. म्हाताऱ्या माणसांनाही हेच सांगा. त्यांच्या मुलांची शिक्षणं झाली ती याच खोल्यांत, आणि त्या खोल्या त्यांच्याही आधीच्या कुणीतरी बांधल्या होत्या.

आता आबा.

यात कायद्याचा एक भाग आहे तो आधी समजून घ्या, कारण तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम १४मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणं आहेत. कराचं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. आणि स्पष्टीकरणात असंही आहे की एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला, तर त्या कुटुंबातले सगळेच अपात्र धरले जातात. म्हणजे पट्टी आबांच्या नावावर असली तरी गावातला कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो. बिल बजावलं होतं का, कुटुंब एकत्र आहे का, हे पुराव्यावर ठरेल. पण ती वेळ येऊच देऊ नका. पट्टी २ ऑक्टोबरच्या आत, शक्य तर याच आठवड्यात, पूर्ण भरा आणि नमुना १०ची पावती जपून ठेवा.

आबांकडे जाताना हे कलम हातात घेऊन जाऊ नका. सुनेने सासऱ्याला कायदा दाखवला की घरात शाळेचं बोलणं बंदच होईल. आधी विचारा, आबा, पट्टी का थांबवलीत? तीन वर्षं एखादा माणूस पट्टी भरत नाही आणि सभेत सगळ्यात मोठ्याने बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे जुनं काहीतरी असतं. गटार दारापुढे तुंबलेलं असेल. घराचं क्षेत्र जास्त लागलेलं असेल. वाटणीत नोंद नीट झाली नसेल. कुणा सरपंचाशी बोलाचाली झाली असेल. नमुना ८चा उतारा काढून त्यांच्यापुढे ठेवा आणि चूक असेल तर ती दुरुस्त करायचा अर्ज तुम्ही स्वतः लिहून द्या. त्यांचं खरं दुखणं कुणी ऐकलं, की पैसे भरायला त्यांना कमीपणा वाटणार नाही. पैशाचीच अडचण असेल तर मोठ्या दिरांना सांगा. घरात त्यांचाही वाटा आहे. सभेत गप्प बसायचा सल्ला त्यांनी फोनवर दिला, तसा पट्टीचा हिस्साही पाठवू द्या. अपात्रतेची गोष्ट आबांना यजमानांकडून कळू द्या, तीही शेवटी, धमकी म्हणून नव्हे तर माहिती म्हणून.

सभेत तुम्ही आबांच्या विरोधात बोलायची गरजच उरत नाही, हे वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आलं असेल. शाळा बांधायचं काम जिल्हा परिषदेचं आहे, पट्टीतून खोल्या होणार नाहीत, हे ते रागाने म्हणाले. तेच तुम्ही कागद दाखवून म्हणायचं. सुरुवात अशीच करा: ‘आबा गेल्या सभेत बोलले त्यातला एक मुद्दा बरोबर आहे.’ पुढे थकबाकीचा विषय काढाल तेव्हा कुणी तुमच्या घराचं विचारलं, तर पावती दाखवा आणि पुढच्या मुद्द्यावर जा. खुलासे देत बसू नका.

२ ऑक्टोबरच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यातच तशी तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती होते. तुमच्या वॉर्डातल्या बायकांना घेऊन ती खरोखर भरवा. मोठ्या सभेत एकटीने उभं राहायला छाती धडधडते. महिला सभेत शाळेचा ठराव झाला असेल, तर तुम्ही तो फक्त वाचून दाखवताय. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, ज्यांची मुलं त्या मंडपात बसतात त्या आया, यांना आवर्जून बोलवा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या लागते. बायका आल्या तर ती अर्धी तिथेच भरते.

ठराव वेगवेगळे मांडा. पहिला निर्लेखनाचा आणि नव्या खोल्यांच्या मागणीचा, त्यात तपासणीची तारीख आणि शाळेबाहेर भरणाऱ्या वर्गांचा उल्लेख असावा. दुसरा थकबाकी वसुलीचा, त्यात वसुलीतून शाळेच्या पाण्यावर आणि स्वच्छतागृहावर किती खर्च करायचा ते लिहावं. फेरआकारणीचा तिसरा, आणि त्याला घाई नको. गोंधळ झाला, सभा उठायला लागली, तरी निदान पहिला ठराव झाल्याशिवाय भाऊसाहेबांना वही मिटू देऊ नका. लिहिलेला मजकूर तिथल्या तिथे मोठ्याने वाचायला सांगा, सूचक आणि अनुमोदक म्हणून नावं घालून घ्या, आणि सह्या झालेल्या पानाचा फोटो काढा. तालुक्याला हेलपाटे घालताना तेच पान सोबत असू द्या.